मुक्या मारावर आर्निकाचे मलम लावताना

केळीचा घड उतरवताना हातातून निसटून मांडीवर आदळला आणि तिथे काळेनिळे पडले, तर हळदीच्या लेपाऐवजी काही जण आर्निका या युरोपीय वनस्पतीचे मलम लावतात. ते लावण्यास हरकत नाही, पण प्रथम कातडी फाटलेली नाही ना, हे उजेडात नीट पाहावे. खरचटलेल्या किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ आणि तोंडात आर्निका कधीही लावू नये.

आपल्याकडील शेतमजुरांनी एक गोष्ट विशेष जपावी. आर्निका सूर्यफुलाच्या कुळातील आहे आणि त्यातील हेलेनालिन हे द्रव्य गाजरगवतातील पार्थेनिनच्याच रासायनिक गटात मोडते. त्यामुळे बांधावरचे गाजरगवत उपटताना ज्यांच्या हातांना खाज सुटते, मानेवर पुरळ उठते किंवा पापण्या सुजतात, त्यांनी हे मलम टाळलेलेच बरे. इतरांनीही मनगटाच्या आतल्या बाजूला किंचित लावून एक दिवस वाट पाहावी आणि लाली आली नाही तरच पुढे जावे.

मार लागताच फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. त्यानंतर मलमाचा पातळ थर दिवसातून दोन-तीन वेळा हलक्या बोटांनी पसरावा. जोर लावून चोळू नये, कारण चोळल्याने आतला रक्तस्राव वाढतो. बारा वर्षांखालील मुलांना ते लावू नये. बाटलीतला मूळ अर्क पिणे धोक्याचे आहे, कारण त्याने उलट्या होतात आणि हृदयावरही परिणाम होतो.

आर्निकाचे झाड युरोपातील डोंगरी कुरणांत, निकस व आम्लधर्मी मातीत वाढते. खान्देशची चुनखडीची काळी जमीन त्याला मानवत नाही. म्हणून आपल्या डोंगरातून आर्निकासारखी दिसणारी पिवळी फुले, जसे सोनकीची, आणून घरी तेल काढू नये. आर्निकाच्या दांड्यावरील पाने समोरासमोर जोडीने येतात, तर सोनकीची एकाआड एक, आणि सोनकीच्या प्रजातीतील अनेक वनस्पतींत यकृताला घातक अल्कलॉइडे असतात.

पायावर भार देता येत नसेल, हाड वाकडे दिसत असेल, मार डोक्याला असेल किंवा रुग्ण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, तर मलमात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. साध्या मारातही तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर तपासून घ्यावे.