आयटीआयला टर्नर-फिटर घेतलंय? वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

नाशिकच्या सातपूरला किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या आयटीआयत फिटर, टर्नर, मशिनिस्ट नाहीतर टूल अँड डाय मेकरला नंबर लागला असेल, तर पुढची दोन वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी गाठ आहे. कागदपत्रांचं फार सांगत नाही. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, असेल तर जातीचा दाखला, आधार, फोटो. झेरॉक्स जास्तीच्या काढा आणि मूळ प्रती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, प्रवेशाचे दिवस ऐन पावसातले असतात.

महागडा डिजिटल कॅलिपर (जबड्यांत वस्तू धरून मोजायचं साधन) मात्र घेऊ नका, हत्यारं वर्कशॉपमध्ये मिळतात. स्वतःची स्टीलची पट्टी, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि ड्रॉइंगचं सामान पुरे. व्हर्निअर, म्हणजे सरकत्या छोट्या पट्टीचा कॅलिपर, घ्यायचाच तर साधा, 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणारा, आणि तो घरीच वाचायला शिका. मुख्य पट्टीवर 24 पूर्ण झालेत आणि व्हर्निअरची शून्यानंतरची 17 वी रेघ वरच्या रेघेला जुळतेय, तर 17 गुणिले 0.02 म्हणजे 0.34, माप 24.34 मिलिमीटर. नाणं, चमचा, कुलपाची कडी, हाताला लागेल ते तीन-तीनदा मोजा. एकाच जागी दर वेळी वेगळा आकडा येत असेल, तर बहुधा जबडे दाबण्याचा जोर सारखा नाही किंवा वस्तू तिरकी धरली जातेय.

दहावीची त्रिकोणमिती रद्दीत घालू नका. मोठा व्यास 30, लहान 26, लांबी 40 मिलिमीटर असा टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा भाग, काढायचा, तर फरकाला लांबीच्या दुपटीने भागा: 4 भागिले 80, म्हणजे 0.05. हा ज्या कोनाचा टॅन, तेवढी लेथची (तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्राची) कंपाउंड स्लाइड, म्हणजे हत्यार धरणारी वरची सरकपट्टी, फिरवायची, साधारण 2 अंश 52 मिनिटं.

सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, स्वप्न जरूर बघा, पण सुरुवात कानशीनेच होते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये, दाब पुढे जाताना, मागे येताना नाही. घासलेल्या जागेवरून बोट फिरवायचा मोह होतोच. फिरवू नका, बोटाचा तेलकटपणा लागला की कानस तिथे घसरते. दातांत कीस अडकू नये म्हणून कानशीला खडू चोळा. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तुकडा उजेडाकडे धरलात की कुठे फट राहिली ते लगेच दिसतं. हाताला फोड येतील, चिकटपट्टी दप्तरात असू द्या.

सोबत सुती चिंध्या आणि मशीन ऑइलची लहान बाटली ठेवा. पावसाळ्यात घामाच्या बोटांचे ठसे चकचकीत स्टीलवर गंज होऊन उमटतात. उन्हाळ्यात त्रास वेगळा. मापांचं प्रमाण तापमान 20 अंश असतं, आणि 100 मिलिमीटरचा स्टीलचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, दहा अंशांनी तापला की साधारण 0.01 मिलिमीटरने वाढतो. लेथवरून उतरवल्या उतरवल्या मायक्रोमीटर लावून माप आणलंत, तर निवल्यावर तो अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान, भरेल.

कपड्यांत सेफ्टी शूज, ॲप्रन, गॉगल. केस घट्ट बांधलेले. लेथवर हातमोजे अजिबात नकोत, फिरता चक (जॉब पकडणारा लेथचा भाग) हातमोज्यासकट हात ओढून घेतो. अंगठी, कडं, मनगटाचा गंडा काढून ठेवायचा आणि राखीसुद्धा, कारण रक्षाबंधन नेमकं त्याच सुमारास येतं. बहिणीला आधीच सांगून ठेवा.