पाण्यातला पोकलेन: पंप उतरवण्याआधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की मुंबईच्या नाल्यांवर उभयचर पोकलेन दिसायला लागतात. ३१ मेच्या आत गाळ उचलायचा असतो. अशात मशीन मंदावलं की मुकादमापासून मालकापर्यंत सगळ्यांचा एकच निकाल: ‘पंप गेला.’ माझा अनुभव उलटा आहे. पंप बहुतेक वेळा शाबूत असतो, बिघडलेलं असतं ते तेल. आणि तेलात पाणी शिरतं ते बहुधा मशीन पाण्यात काम करताना नव्हे, तर गरम मशीन थंड होताना.

ज्यांनी हे मशीन जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: वरचा भाग नेहमीच्या पोकलेनचाच, बऱ्याचदा २० टनी. खाली दोन पॉन्टून, म्हणजे मशीन तरंगवणारे बंद पोलादी डबे, त्यांच्याभोवती चेन, आणि ती चेन ओढणाऱ्या हायड्रॉलिक मोटर. डिझेल इंजिन पंप फिरवतं, पंप साधारण ३५० बारपर्यंत दाब देतो, आणि ते तेल मधल्या स्विव्हल जॉइंटमधून (वरचा भाग फिरला तरी तेल खाली पोचवणाऱ्या सांध्यातून) खालच्या मोटरपर्यंत उतरतं. मोटरला जोडलेला फायनल ड्राइव्ह म्हणजे गिअरचा डबा. तो वारंवार पाण्याखाली जातो.

पहिली चूक इथेच होते. ट्रेलर लांब उभा करायचा, कोरड्या रस्त्यावरून मशीन चालवत आणायचं आणि तसंच नाल्यात उतरवायचं. चालून चालून फायनल ड्राइव्ह तापलेला असतो. थंड पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. सील थोडं झिजलेलं असेल, किंवा त्यात साडीची चिंधी, नायलॉनची दोरी गुंतलेली असेल, तर विचारायलाच नको. (नाल्यात साड्या किती निघतात हे पाहिल्याशिवाय पटत नाही.) म्हणून ट्रेलर काठाला लावा आणि तापलेलं मशीन थोडं निवू द्या. सकाळी स्टार्टर मारण्याआधी फायनल ड्राइव्हचा ड्रेन प्लग (तळाचं बूच) जरा सैल करून बघा. रात्रभरात पाणी तळाला बसलेलं असतं, त्यामुळे आधी तेच बाहेर येतं. गिअर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तेल पातळ लागलं, तर मोटरचं शाफ्ट सील फुटून हायड्रॉलिक ऑइल आत उतरतंय. अशा वेळी फक्त सील बदलून थांबू नका, केस ड्रेनची लाइन (मोटरच्या आत झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी नळी) तुंबली आहे का तेही बघा. नाहीतर नवं सीलही तसंच फुटेल.

हायड्रॉलिक टाकीही अशीच श्वास घेते. दिवसभर तापलेली टाकी रात्री निवते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या झाकणातून) खाडीची दमट हवा आत घेते. ब्रीदर फुटका असेल किंवा संध्याकाळी त्याच्यावरच प्रेशरने पाणी मारलं असेल, तर टाकीच्या तळाशी पाणी साचणार.

एका कामावर आम्ही दोनदा तेल बदललं, तरी ते पुन्हा दुधाळ झालं. सगळे सीलच्या मागे लागले होते. दोष निघाला काठावर उभ्या ठेवलेल्या ड्रममध्ये. उन्हात तापून रात्री निवताना बुचाभोवती साचलेलं पाणी त्याने आत ओढलं होतं. म्हणजे आम्ही नवं समजून ओलं तेल भरत होतो! तेव्हापासून ड्रम आडवा आणि दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, हा माझा नियम आहे.

तेल दुधाळ दिसलं की पाणीच, असंही समजू नका. काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास ठेवा. निवळलं तर हवा होती. मग सक्शन होजचा (टाकीतून पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीचा) क्लॅम्प तपासा, पंपातून खडे चाळल्यासारखा आवाजही त्यामुळेच येतो. निवळलं नाही तर गरम तव्यावर एक थेंब टाका. फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसं तडतडलं तर पाणी आहे. अशा वेळी नुसती टाकी रिकामी करून भागत नाही. सिलिंडर आणि होजमधलं जुनं तेल पुन्हा मिसळतं, म्हणून तेही काढावं लागतं.

यापेक्षा वाईट चूक म्हणजे मशीन मंद झालं की रिलीफ व्हॉल्व्हचा (जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळणं. ‘जरा प्रेशर वाढवून दे ना भाऊ’ ही विनंती ऐकून मी हसतो, पण पाना देत नाही. दुपारनंतर ताकद कमी होत असेल तर आधी तेल थंड करणारा कूलर बघा. जाळीत जलपर्णी आणि प्लास्टिक बसलं की तेल तापतं, पातळ होतं आणि आतल्या आत गळतं. ८२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की सीलही कडक व्हायला लागतात. दाब वाढवला की होज फुटतो. फुटका होज हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. बारीक भोकातून सुटलेलं तेल कातडी भेदून आत जातं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच तासात सर्जनकडे न्या.

एकच बाजू मागे राहत असेल तर डाव्या-उजव्या मोटरचे होज अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर बिघाड वर आहे: स्विव्हल, व्हॉल्व्ह किंवा पंप. त्याच बाजूला राहिला तर मोटर किंवा फायनल ड्राइव्ह. स्विव्हलचं सील किट पंपापुढे किरकोळ खर्चाचं, पण त्याची आठवण सगळ्यात शेवटी होते.

एवढं करूनही दोन्ही बाजू आणि बूम (मशीनचा लांब हात) सगळंच ढिलं असेल, तर टाकीत परतणारं तेल गाळणारा रिटर्न फिल्टर कापून बघा. घड्यांमध्ये पितळी कण चमकत असतील तर मात्र पंप खरंच गेला. तो उतरवा, पण नवा बसवण्याआधी टाकी, कूलर आणि लाइन धुऊन घ्या. जुन्या पंपाचा चुरा तिथेच बसलेला असतो.