वजन घाईत उतरवलं, परत चढलं, मग काय बदललं

पहिल्यांदा मी जवळजवळ उपाशीच राहिलो, आठवड्यात ३ किलो गेले पण ते बरंचसं पाणीच होतं, शरीरातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपलं की त्याच्यासोबतचं पाणीही जातं, आणि नीट खायला लागल्यावर सगळं परत आलं. चक्कर यायची ती वेगळीच. मग गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी, प्रत्येक जेवणात प्रोटीन, गोड पेयं पूर्ण बंद. रोज ३० मिनिटं भरभर चालणं आणि आठवड्यातून २ दिवस वजनं उचलणं, हे खरंच सोडू नका, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात. आता आठवड्याला अर्धा किलो उतरतंय, मला हाच वेग बरा वाटतो. शुगर किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलावा लागू शकतो.