टाळेबंदीत फोनवर मुलाखती: आम्ही काय बदललं

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या देहविक्री करणाऱ्या महिलांमधलं आमचं एचआयव्ही प्रतिबंधाचं सर्वेक्षण अर्ध्यावर थांबलं. ‘फोनवर घ्या मुलाखती,’ सगळे सांगत होते. एका खोलीत चौघी, फोन बऱ्याचदा घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचा, धंदा बंद. कंडोमबद्दल मोठ्याने बोलणार कोण?

मग प्रश्नावलीच फिरवली. प्रश्न आणि पर्याय आम्ही वाचायचे, ताईंनी नुसता आकडा सांगायचा. शेजारी बसलेल्याला काही कळत नाही. कुणी आलंच, तर ‘गॅसवर दूध आहे’ म्हणायचं, की आम्ही लगेच राशनवर घसरायचो! वेळ त्यांनी ठरवायची, फोन वस्तीतल्याच पीअर ताईंनी, म्हणजे त्यांच्यातल्याच कार्यकर्त्यांनी करायचा. तोंडी संमतीचं रेकॉर्डिंग उत्तरांपासून वेगळं ठेवलं. हे सगळं आधी नीतिमत्ता समितीकडून मंजूर करून घेतलं. तो टप्पा गाळू नका. व्हॉट्सॲप फॉर्म मात्र नकोच, स्क्रीनशॉट कुठे फिरेल सांगता येत नाही.

पोटाला नसताना प्रश्न विचारणं मला तरी जमेना. म्हणून आधी शिधा आणि एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांची चौकशी, मग मुलाखत. प्रवासभत्त्याचे पैसे रिचार्जला वळवले.

२९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना देहविक्री करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला सांगितलं. त्या सुमारास आमच्याकडे नावांची यादी मागितली गेली. अभ्यासातली यादी आम्ही दिली नाही. शिधा हवा असेल त्यांनी स्वतः पीअर ताईंकडे नाव द्यायचं, अशी वेगळी वही केली.