जुन्या भिंतीची माती पुन्हा वापरताना या चुका टाळा

न भाजलेल्या आणि सिमेंट न मिसळलेल्या मातीची भिंत पाडली की हाती मातीच येते. ती पुन्हा भिजवून मळता येते, तरीही बहुतेक ठिकाणी ती राडारोडा म्हणून भरावात टाकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे ओलसर ढेकळे तशीच पाण्यात टाकणे. एका कामावर पाडलेल्या भिंतीच्या ढिगावर रात्रभर पाऊस पडला आणि माती आयतीच भिजली म्हणून सर्वांना आनंद झाला. आम्ही ती हौदात टाकली, चार दिवस तुडवली, तरी सुपारीएवढ्या गाठी तशाच राहिल्या. अखेर उरलेला ढीग फोडून, पसरून कडकडीत वाळवला, तेव्हा तीच माती पाण्यात पडताच बुडबुडे सोडत काही मिनिटांत सुटी झाली. कोरड्या ढेकळाच्या छिद्रांत पाणी वेगाने शिरते, आत कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो आणि ढेकूळ आतून फुटते. ओल्या ढेकळाची छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असल्याने तसे घडत नाही. म्हणून मी माती आधी पूर्ण वाळवतो, नंतर भिजवतो आणि रात्रभर तिला हातही लावत नाही.

दुसरी चूक म्हणजे माती कशाची आहे हे न तपासणे. यंत्राने दाबून केलेल्या कच्च्या विटांत बहुधा ५ ते १० टक्के सिमेंट असते, आणि तेवढेही माती पुन्हा मळण्याजोगी न राहण्यास पुरेसे असते. लिंबाएवढा कोरडा तुकडा पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवावा. तो अखंड राहिला, तर त्यात सिमेंट किंवा चुना आहे असे समजून माल फोडून भरावासाठी वेगळा काढावा. गरज नसताना केवळ मनाच्या समाधानासाठी सिमेंट घालणारे लोक पुढच्या पिढीची माती संपवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोणा (ओलीबरोबर भिंतीवर फुटणारे क्षार) लागलेला भिंतीचा तळभाग नव्या मिश्रणात घेऊ नये. जिप्समचा गिलावा आणि रंग भिंत उभी असतानाच खरवडून काढावेत. जुना पेंढा अनेकदा कुजलेला असतो, त्यामुळे नवा घालावा.

भिजवलेली माती ६० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद व खोल अशा लाकडी साच्यात भरून सावलीत वाळवावी, म्हणजे ती किती आकसते आणि वाळू किती घालावी लागेल, हे कळते. उतावळे नवशिके हीच चाचणी टाळतात आणि नंतर महिनाभर भेगा बुजवत बसतात. काम संपल्यावर त्याच मातीची दोन पोती कोरड्या जागी राखून ठेवावीत, कारण पुढच्या दुरुस्तीला रंगाने आणि आकसण्याने जुळणारी दुसरी माती सहसा मिळत नाही.