परदेशात मिशन ट्रेनिंगला निघालात? मग संकोच पुण्यातच ठेवून जा

हे मी मुख्यतः डीटीएस डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, म्हणजे यूथ विथ अ मिशन, ज्याला सगळे वायवॅमच म्हणतात, त्यांचं डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० ला सुरू केलेली संस्था, आता जगभर बेस, म्हणजे केंद्रं आहेत. आधी १२ आठवडे लेक्चर फेज आणि मग ८ ते १२ आठवडे आउटरीच, म्हणजे टीमने बाहेर जाऊन करायचं सेवेचं काम, असा साधारण पाच-सहा महिन्यांचा मामला असतो. तुमचा कोर्स दुसऱ्या संस्थेचा असेल तरी राहणं, खाणं, भांडी घासणं आणि रडणं सगळीकडे सारखंच.

आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांना बायबल येतं, इंग्लिश चालवून नेतात, कष्टाची पण सवय असते. अडतात ते एकाच गोष्टीवर, तोंड उघडत नाहीत. आपल्याकडे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर बोलतात आणि आपण ऐकतो, पोटात कावळे ओरडत असले तरी "नको नको, झालंय माझं" म्हणतो आणि समोरच्याने तीनदा आग्रह करायचा असतो. तिकडे एकदा नको म्हणालात की विषय संपला, ताट गेलं. थंडी वाजतेय, लेक्चर कळत नाहीये, रूममेट रात्री दोनपर्यंत लाइट चालू ठेवतो, जे काय असेल ते त्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगायचं. स्टाफला त्यात उद्धटपणा वाटत नाही, उलट आठवडाभर गप्प बसून मग एकदम रडलात की त्यांना टेन्शन येतं.

निघायच्या आधी, कागदपत्रं

सगळ्यात आधी नाव बघा. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच, हे आपल्या लोकांत इतकं कॉमन आहे की विचारू नका. व्हिसा फॉर्म पासपोर्टवरच्या नावानेच भरायचा, आणि पाळकसाहेबांचं शिफारसपत्रही त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने घ्यायचं. पत्र त्यांना लिहायला सांगून तसंच पाकिटात घालू नका, उघडून वाचा. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांबरोबर काम असतं म्हणून पोलीस क्लिअरन्स मागतात, ते पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अपॉइंटमेंट घेऊन होतं, पुण्यात मुंढव्याचं केंद्र. वेळ हाताशी ठेवा, कारण पत्ता बदललेला असेल तर पोलीस स्टेशनची एक चक्कर वाढते.

व्हिसाचं एकच सांगते, टुरिस्ट व्हिसावर जाऊन ट्रेनिंग करू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, मग सुचवणारा कितीही प्रार्थनाशील असो. युरोपात शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं, म्हणजे पाच महिन्यांच्या कोर्सला त्या त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा लागणार. नेमका कुठला व्हिसा लागेल हे बेसकडून मेलवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं एम्बसीत दाखवता येत नाही.

पैशाचं बोलायला आपल्याला लाज वाटते, पण बोला. फी दोन तुकड्यांत असते, लेक्चर फेजची वेगळी आणि आउटरीचची वेगळी, आणि आउटरीचचा आकडा टीम कुठे जाणार हे ठरल्यावरच पक्का होतो, त्यामुळे आधीच विचारा की मागच्या बॅचला साधारण किती आला होता. स्टाफला पगार नसतो, तेसुद्धा स्वतःचा सपोर्ट स्वतःच उभा करतात, तेव्हा "गोरे लोक आहेत, देतील माफ करून" हा हिशोब मनातून काढा. इथून पैसे पाठवायचे तर बँकेत एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, ए-टू फॉर्म भरावा लागतो, पॅन लागतं, आणि टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा कर, किती कापणार ते त्या दिवशीच बँकेला विचारून घ्या कारण नियम बदलत असतात. मंडळीने, महिला मंडळाने मदत केली असेल तर कोणी किती दिले ते वहीत लिहा आणि परत आल्यावर हिशोब द्या. कोणी मागणार नाही, तरी द्या.

अजून एक. हा कोर्स म्हणजे डिग्री नाही. पुढे पाळक व्हायचं डोक्यात असेल तर बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणचं थिऑलॉजीचं शिक्षण हा वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, डीटीएस केल्याने तो रस्ता टळत नाही.

बॅगेत काय

मग घ्या, प्लास्टिकचा साधा मग, तुळशीबागेत मिळतो तो. तिकडे बाथरूममध्ये शॉवरच्या बाहेर जमिनीला पाणी जायला जाळीच नसते बऱ्याचदा, आपण सवयीने सगळीकडे पाणी ओतलं की ते दाराखालून कॉरिडॉरमध्ये जातं आणि पहिल्याच दिवशी ओळख होते. तो मग वापरा पण शॉवरच्या आतच. चटण्या, मेतकूट, काळा मसाला जरूर न्या, पण युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे गेले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर खायची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करायची, न्यूझीलंडमध्ये लपवलेलं सापडलं की जागेवर ४०० डॉलर दंड. मिक्सर किंवा इलेक्ट्रिक कुकर अमेरिकेला नेऊ नका, तिथे १२० व्होल्ट, आपला २३० चा नीट चालणार नाही. थंडीचे थर्मल कपडे पुण्यात कॅम्पात घेण्यापेक्षा तिकडे सेकंडहँड दुकानात घ्या, बेसवर फुकटच्या कपड्यांचा एखादा कोपरासुद्धा असतो बहुतेक.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी खुर्च्या गोलात मांडतात आणि प्रत्येकाला आपली गोष्ट सांगायला लावतात. आमच्या मंडळीतल्या एका मुलीने मला हे अगदी बारकाईने सांगितलं होतं. तिच्या आधी एक ब्राझीलचा मुलगा बापाच्या दारूबद्दल बोलला, एक जर्मन मुलगी खाण्याच्या आजाराबद्दल बोलली, टिश्यूचा डबा फिरत फिरत हिच्यापर्यंत आला, आणि ही म्हणाली "मी पुण्याची, आमच्या घरात चौथी पिढी ख्रिस्ती, मी संडेस्कूलला शिकवते, थँक यू." सगळे अजून तिच्याकडेच बघतायत, कारण त्यांना वाटलं ही आता सुरू करणार. डबा हिच्या मांडीवर तसाच.

तर तयारी करून जा. आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट, सात-आठ मिनिटांची मराठीत लिहा, मग इंग्लिशमध्ये मोठ्याने बोलून बघा. रडायची सक्ती नाही आणि घरातलं सगळं पहिल्या दिवशी उघडं करायची तर अजिबात नाही. भारतातून आलात म्हटल्यावर काहींना वाटतं तुम्ही गेल्या वर्षीच हिंदूचे ख्रिस्ती झालात आणि घरच्यांनी हाकलून दिलं. तसं नसेल तर सरळ सांगा की अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ ला आले, आमचे पणजोबा मिशन कंपाऊंडात वाढले. तुमच्या कित्येक क्लासमेटच्या चर्चपेक्षा आपल्याकडची मंडळी जुनी निघेल, बघा त्यांचे चेहरे.

दर आठवड्याला एक स्टाफ तुमच्याशी एकट्याने बोलायला बसतो, वन-ऑन-वन. आपली मुलं तिथे "ऑल गुड" म्हणून अर्धा तास काढतात आणि मग रात्री आईला फोन करून रडतात. तिथे निदान एक खरी अडचण सांगा, मग ती जेवणाची का असेना. आणि दुसरी बाजू पण ऐका. कोणी लीडर म्हणाला की देवाने मला सांगितलंय तू अमुक देशात जा, किंवा अमक्याशी लग्न कर, किंवा घरी फोन कमी कर, तर "मी प्रार्थना करून आणि माझ्या पाळकांशी बोलून सांगतो" एवढंच म्हणा आणि खरंच फोन करा. पासपोर्ट स्वतःकडे. सेफकीपिंगला म्हणून मागितला तरी स्वतःकडेच.

आराधना मोठ्याने असते, ड्रम, उड्या, काही जण अन्य भाषेत, म्हणजे कोणालाच न कळणाऱ्या शब्दांत प्रार्थना करतात. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) शांत उपासनेत वाढलेल्यांना पहिल्यांदा कसंतरी होतं. खाली बसून राहिलात तरी चालतं, कोणी मार्क कापत नाही. पण तुमची पाळी आली की 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं ना. वा. टिळकांचं एखादं पद चालीत म्हणा, टाळ्यांवर, मराठीतच. नारायण वामन टिळक १९१९ ला गेले, तरी त्यांची पदं परक्या लोकांनाही धरून ठेवतात, हे मी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे. प्रार्थना पण मराठीत करा हवी तेव्हा, देवाला दुभाषा लागत नाही आणि क्लासला सवय होते.

जेवण म्हणजे ब्रेड, पास्ता, सूप, आणि संध्याकाळचं जेवण सहाला. व्हेज असाल तर फॉर्मवरच लिहा, नंतर कुरकुर नको. पंडिता रमाबाई १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला सिस्टर्सकडे, म्हणजे नन्सकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही आणि त्यावरून सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे पत्रातून वाद झालेत. धर्म घेतला म्हणजे ताटपण घेतलंच पाहिजे असं त्यांनी मानलं नाही. तुम्ही तर फक्त डाळ मागताय. वर्क ड्यूटी किचनमध्ये मागून घ्या, पंधरा दिवसांत कुकला पटवून आठवड्यातून एकदा वरण-भात होतो, हे हमखास जमतं. टॉयलेटची ड्यूटी आली तर तोंड वाकडं करू नका, ती सगळ्यांना येते, डायरेक्टरलापण.

घरच्या फोनची वेळ ठरवून टाका. जर्मनीशी उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, हे आईला आधीच सांगून ठेवा नाहीतर ती पोलिसात जायच्या तयारीत.

आउटरीच आणि नंतर

आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जायची शक्यता असेल तर यलो फीवरची लस इथूनच सरकारमान्य केंद्रात घ्या, सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. टीम आउटरीचला भारतात येणार असेल तर सगळे तुमच्याकडे बघतील. स्पष्ट सांगा की टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचार करणं हे व्हिसाच्या नियमांच्या विरुद्ध आहे, काही राज्यांत धर्मांतराचे कायदे कडक आहेत, आणि गोरी मंडळी चार दिवसांनी उडून जातात, चौकशी होते ती इथल्या लोकांची. गावातल्या लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो इन्स्टावर टाकू देऊ नका.

निघताना नवे मित्र भावूक होऊन म्हणतील, तुझ्या चर्चला पैसे पाठवतो, अकाउंट नंबर दे. देऊ नका. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि देणगी फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकते, मंडळीच्या साध्या सेव्हिंग खात्यात आली तर पंचकमिटी अडचणीत. "आधी आमच्या कमिटीला विचारतो" म्हणा, बास.

परत आल्यावर पाळकसाहेबांकडे रविवारी साक्षीसाठी वेळ मागाल तेव्हा ते पाच मिनिटं देतील. पाचच घ्या. ड्रम आणि उड्यांचं त्यात काही बोलू नका, पैसे दिलेल्यांचे आभार आधी माना, बाकीचं तरुण संघाला शनिवारी चहाबरोबर सांगा, आणि पुढच्या वर्षी कोणाला जायचं असेल तर त्याला तुमची ती हिशोबाची वही दाखवा.