कमानपाट्यातून घरची सुरी

माझं पहिलं पातं पाण्यात गेलं तेव्हा 'टिक्' असा बारीक आवाज आला. बाहेर काढून पाहिलं तर धारेपासून वरपर्यंत केसाएवढी चीर. चार रविवारांची मेहनत गेली. लाल तापलेलं पातं बुडवून कडक करण्याला आपण म्हणतो 'पाणी देणं', पण गाडीच्या कमानपाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पोलादाला पाणी सोसत नाही, त्याला तेल लागतं.

आधी माल. सळई, अँगल, गेटची पट्टी घेऊ नका, ते लोखंड कितीही तापवा, कडक होत नाही. नागपुरात पाटे बदलणारी गॅरेजं वाडी भागात, ट्रान्सपोर्टवाल्यांकडे सापडतील, नाहीतर इतवारीच्या लोहाओळीत विचारा. छोट्या टेम्पोचा 6 मिलिमीटरचा पाटा पुरतो. ट्रकचा जाड पाटा ठोकताना खांदा निघतो. ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या बघा: पोलादाच्या ठिणग्या झाडासारख्या फुटतात, साध्या लोखंडाच्या लांब सरळ जातात. जुन्या पाट्यात लपलेल्या चिरा असतात. रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर खडू घासा. चीर असली तर तिथे ओली रेघ उमटते. तो तुकडा सोडून द्या.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा कुणी देऊ केला तरी घेऊ नका. चोरीची रेल्वे मालमत्ता जवळ सापडली तर 1966च्या कायद्यानं गुन्हा आहे. जाड शाफ्टचा तुकडा लाकडाच्या ओंडक्यात उभा रोवला की काम भागतं.

भट्टी उघड्या अंगणातच पेटवा, बंद खोलीत कोळशाचा धूर जीव घेतो. मी विटांची चर केली, खालून पाइप आणि पाइपला ब्लोअर. डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, शेजारी वाळूची बादली. मे महिन्यात नागपुरात हा उद्योग करू नये. मी दिवाळीनंतर सुरू करतो आणि होळीला थांबवतो.

नारिंगी रंगावर ठोका, मंद लाल झालं की थांबून परत तापवा. थंड पात्यावर मारलेला एक घाव दहा घावांची कमाई घालवतो. पांढरं होऊन ठिणग्या उडाल्या तर पोलाद जळलं, तेवढा भाग कापून टाका. आकार आला की तीनदा तापवून हवेत निवू द्या, शेवटी तापवून रात्रभर राखेत पुरा. सकाळी कानस चालते. मुठीची भोकं आत्ताच पाडा, नंतर ड्रिल लागत नाही. घासताना मास्क हवा. धारेकडे एटीएम कार्डापेक्षा किंचित जास्त जाडी सोडा, नाहीतर पातं वाकतं.

आता पाणी. हे काम मी दिवेलागणीलाच करतो, भर उन्हात लाल रंग डोळ्याला फसवतो. दोरीला चुंबक बांधून ठेवा. सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला धरत नाही. त्याहून एक छटा उजळ झालं, पातं टोकापासून मुठीपर्यंत एकसारखं दिसलं, की टोक खाली करून तेलात. सोयाबीन तेल चालतं, पण 50-60 अंशांपर्यंत कोमट केलेलं, उंच लोखंडी डब्यात, झाकण हाताशी. पातं धारेच्या दिशेनं पुढे-मागे हलवा, चपट्या बाजूकडे आडवं हलवू नका. भडका उडाला तर झाकण लावा, पाणी कधीच ओतू नका. निवल्यावर कानस लावा: ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे.

ते पातं आता काचेइतकंच ठिसूळ असतं. 'उद्या करू' म्हणू नका. लगेच ओटीजीत (घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) 200 अंशांवर दोन तास, निवू द्या, परत दोन तास. पात्यावर गव्हाच्या काडाचा पिवळा रंग यायला हवा. धार निळी पडली तर जास्त नरम झाली.

मुठीला बाभळीचं लाकूड, पितळी पिना आणि एपॉक्सी. पातं स्वयंपाकघरापुरतंच ठेवा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद शस्त्र शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं.

हे पोलाद गंजतं, म्हणून चिरून झालं की धुवून, पुसून जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं. आईनं पहिल्याच दिवशी सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरला, वर लिंबू कापलं आणि सुरी तशीच ओट्यावर ठेवली. सकाळी मधोमध काळा डाग होता. मी घासायला घेतली, तर तिनं हातातून काढून घेतली.